राजस्थानातला पाऊस जालन्याच्या नकाशावर

जालना शहर साधारण १९.८४ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.८८ अंश पूर्व रेखांशावर आहे. राजस्थानातलं कोटा जवळजवळ याच रेखांशावर, पण २५.१८ अक्षांशावर, म्हणजे सरळ उत्तरेला सुमारे सहाशे किलोमीटर. चंबळकाठचं ते शहर आणि कुंडलिकेकाठचं आपलं जालना यांचा पावसापाण्याच्या हिशेबात काही संबंध नाही. तरीही भारतीय हवामान विभागाचा देशभराचा पाऊस पायथनमध्ये उघडताना नकाशा काढणाऱ्या ओळीत एक सूचना द्यायची राहिली, तर जालन्याच्या जागी नेमका कोट्याचा पाऊस रंगून येतो. नकाशा सुबक दिसतो. कडेचे अक्षांश-रेखांश बरोबर असतात. पडद्यावर चूक सांगणारा तांबडा मजकूरही उमटत नाही.

हे कसं घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. हवामान विभागाचा हा डेटा १९०१ पासूनचा, रोजचा आहे. देशावर पाव अंशाची जाळी टाकलेली आहे: दक्षिणोत्तर १२९ बिंदू, ६.५ ते ३८.५ अंशांपर्यंत, पूर्व-पश्चिम १३५ बिंदू, ६६.५ ते १०० अंशांपर्यंत. एका दिवसाचा पाऊस म्हणजे १२९ ओळी आणि १३५ रकाने असलेला आकड्यांचा तक्ता. त्यातली पहिली ओळ सर्वांत दक्षिणेची. आता पायथनमध्ये आलेख-नकाशे काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या लायब्ररीतलं ‘इमशो’ हे फंक्शन मुळात चित्रं दाखवण्यासाठी केलेलं आहे, आणि चित्राची पहिली ओळ वरची असते. त्यामुळे ‘ओरिजिन’ची किंमत ‘लोअर’ आहे असं स्पष्ट लिहिलं नाही, तर ते दक्षिणेची ओळ वर नेऊन ठेवतं. ‘एक्स्टेंट’ देऊन अक्षांवर अंश छापायला सांगितलं असेल तर अंश जिथल्या तिथे छापले जातात. आतला देश तेवढा उलटा होतो. जाळीचा मध्य २२.५ अंशांवर येतो. जालना त्याच्या २.६६ अंश खाली, म्हणून उलट्या नकाशात जालन्याच्या जागी मध्याच्या २.६६ अंश वरचा, म्हणजे २५.१६ अंशांवरचा आकडा येतो. तिथे कोटा आहे.

देशाचा पूर्ण नकाशा काढला असता तर केरळ वर आणि काश्मीर खाली पाहून कुणीही दचकलं असतं. पण जालन्यावर काम करणारा माणूस देशाचा नकाशा कशाला काढत बसेल? तो अक्षांना मर्यादा लावून चित्रातली मराठवाड्याची चौकट तेवढी मोठी करून पाहतो, आणि त्या चौकटीत ना समुद्रकिनारा असतो, ना पावसाची उंच भिंत उभी करणारा सह्याद्री. शिवाय कोट्याचा वर्षाचा पाऊस जालन्याच्या पावसापेक्षा फार वेगळा नाही. दोन्हीकडे सातशे मिलिमीटरच्या आगेमागेच. त्यामुळे आकडा पाहूनही शंका येत नाही.

प्रोग्राम मधेच थांबला आणि त्याने कुठल्या ओळीत काय बिनसलं ते सांगितलं, तर तासाभरात उत्तर सापडतं. मला काळजी वाटते ती न थांबता चुकीचं चित्र काढून देणाऱ्या प्रोग्रामची. कारण जालन्यासारख्या जिल्ह्यात पावसाचा नकाशा ही शोभेची वस्तू नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्यांची मागणी सुरू होते. २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वांत जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. याच जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं करून कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या केल्या. अशा गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायला बसलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच राज्याचा पाऊस धरला, तर त्यापुढची सगळी मेहनत वाया जाते.

आता सिम्युलेशनकडे, म्हणजे हवामानाच्या मॉडेलकडे वळू. हवामान विभागाची जाळी प्रत्यक्ष मोजलेल्या पावसावरून तयार होते. वेगवेगळ्या काळातल्या मिळून ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदी तिच्यासाठी वापरल्या गेल्या. मॉडेलचं तसं नसतं. वातावरणाची गणितं संगणकावर पुढेपुढे सोडवत नेली की प्रत्येक बिंदूवर तापमान, वारा, दाब, आर्द्रता, पाऊस यांचे आकडे हाती येतात. जागेनुसार बदलणाऱ्या अशा राशीला शास्त्रात फील्ड म्हणतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्युष’ हा महासंगणक आला, २०२४ साली ‘अर्का’ आला, आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या जाळीची भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली. पाव अंशाच्या जाळीचा एक चौकोन आपल्या अक्षांशावर सुमारे २८ किलोमीटर उंच आणि २६ किलोमीटर रुंद, म्हणजे सातशे चौरस किलोमीटरहून थोडा मोठा असतो. अशा दहा-अकरा चौकोनांत अख्खा जालना जिल्हा बसतो. सहा किलोमीटरच्या जाळीत त्याच जिल्ह्याला दोनशेंहून अधिक चौकोन मिळतात. अभ्यासकांना घरबसल्या सहज मिळतो तो युरोपीय हवामान केंद्राचा ‘एरा ५’ हा १९४० पासूनचा तासागणिक डेटा, आणि स्वतःच्या संगणकावर चालवता येतं ते अमेरिकेत विकसित झालेलं ‘वर्फ’ मॉडेल. मॉडेलचा पाऊस आणि हवामान विभागाचा पाऊस शेजारी-शेजारी रंगवून पाहणं, हा या अभ्यासाचा पहिला धडा. गोंधळही तिथूनच सुरू होतो.

गंमत अशी की ‘एरा ५’मध्ये पहिली ओळ उत्तरेची असते. अक्षांश ९० पासून उणे ९० पर्यंत उतरत जातात. म्हणजे हवामान विभागाच्या डेटाला जी सूचना आवश्यक, तीच ‘एरा ५’ला दिली की चित्र उलटं होतं. कुठल्यातरी जुन्या प्रोग्राममधून ओळ उचलून दोन्हीकडे चिकटवणाऱ्याचा एक नकाशा हमखास चुकतो. आणि नकाशा काढण्याआधीच एक अडचण येते. एक्सअरे या पायथन लायब्ररीमध्ये जालन्याची पट्टी कापायला बहुतेक जण अक्षांश १९ ते २१ असं लिहितात. अक्षांश उतरत्या क्रमाने असतील तर या सूचनेला काहीच सापडत नाही: शून्य ओळींचा तक्ता परत येतो, आणि त्यातून निघतं ते पांढरं चित्र. माणूस रंग बदलून पाहतो, आकार बदलून पाहतो, मॅटप्लॉटलिब पुन्हा बसवून पाहतो. इलाज एवढाच असतो की २१ ते १९ असं उलट लिहायचं, किंवा उघडल्याबरोबर अक्षांश चढत्या क्रमाने लावून घ्यायचे. पांढरं चित्र आलं की चित्राकडे पाहत बसू नये. तक्त्याचा आकार छापून पाहावा. आकारात कुठे शून्य दिसलं तर दोष रंगवण्यात नाही, कापण्यात आहे.

आकाराचीच दुसरी गोष्ट फाईल वाचतानाची. हवामान विभागाची द्विमान फाईल म्हणजे नुसती आकड्यांची माळ. तिच्यात कुठे ओळ संपली हे लिहिलेलं नसतं. १३५ मणी झाले की पुढची ओळ, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. त्याआधी फाईल पूर्ण आणि हवी तीच आहे का, हे पाहण्याचा सोपा मार्ग तिच्या वजनात आहे. प्रत्येक आकडा चार बाइटचा. १२९ गुणिले १३५ म्हणजे १७,४१५ आकडे एका दिवसाचे. ३६५ दिवसांच्या वर्षाची फाईल बरोबर २,५४,२५,९०० बाइटची भरली पाहिजे. लीप वर्षाची त्याहून ६९,६६० बाइटनी जास्त. तेवढी भरली नाही तर डाउनलोड अर्धवट झालं आहे किंवा फाईल भलतीच आहे. वजन बरोबर असूनही १२९ आणि १३५ यांची अदलाबदल झाली, तर पायथन तक्रार करत नाही, कारण गुणाकार तोच येतो. पण प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा सहा बिंदूंनी सरकते आणि देशाच्या जागी तिरप्या पट्ट्या उमटतात. तिरप्या पट्ट्या दिसल्या की मॉडेलवर, वाऱ्यावर, मान्सूनवर संशय घेऊ नका. ओळीची लांबी चुकली आहे. पट्टी किती तिरपी आहे यावरून किती बिंदूंनी चुकली तेही कळतं. ज्यांना हे हाताने करायचं नसेल त्यांच्यासाठी ‘आयएमडीलिब’ नावाची तयार लायब्ररी आहे. तरी एकदा हाताने करून पाहावं असं माझं मत आहे. फाईलच्या आत काय असतं ते मग कायमचं कळतं.

जालन्याच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अर्ध्या चौकोनाची चूक. तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि इथे मात्र तिने फरक पडतो. जाळीतला प्रत्येक आकडा बिंदूचा असतो, पण रंगवताना तो चौकोन भरतो. ७५.७५ रेखांशाचा चौकोन ७५.६२५ पासून ७५.८७५ पर्यंत जायला हवा, आणि ७६ चा चौकोन ७५.८७५ पासून पुढे. आता जालन्याचा रेखांश पाहा: ७५.८८. म्हणजे दोन चौकोनांची शीव शहरातूनच जाते. अक्षांशाचीही हीच तऱ्हा. १९.७५ चा चौकोन १९.८७५ ला संपतो, आणि शहर १९.८४ वर आहे. वरची शीव अवघी चार किलोमीटर उत्तरेला. चार चौकोन जिथे एकमेकांना टेकतात तो कोपरा जालना शहराच्या अगदी उशाला आहे.

‘इमशो’ला ‘एक्स्टेंट’ म्हणून बहुतेक जण जाळीचे पहिले आणि शेवटचे बिंदू देतात: ६६.५ ते १००. खरं तर चौकोनांच्या बाहेरच्या कडा द्यायला हव्यात: ६६.३७५ ते १००.१२५. पहिल्या प्रकारात १३५ चौकोन साडेतेहतीस अंशांत दाटीवाटीने कोंबले जातात, प्रत्येकाची रुंदी पाव अंशाहून किंचित कमी होते आणि सगळ्या शिवा थोड्या-थोड्या सरकतात. जाळीच्या मध्यभागी ही सरक जवळपास शून्य असते, कडांकडे वाढत जाते. जालन्यापाशी ती ७५.८७५ वरून ७५.९३ वर येते, म्हणजे साडेपाच किलोमीटरहून थोडी अधिक, पूर्वेकडे. शहरातून जाणारी शीव शहराबाहेर जाते, आणि शहराचा मध्य ज्या चौकोनात हवा त्याच्या पश्चिमेच्या चौकोनात जाऊन पडतो. बदनापूरच्या बाजूचा आकडा शहराचा म्हणून वाचला जातो. पावसाळी ढगांच्या हिशेबात सव्वीस किलोमीटर अंतर थोडं नाही. एका गावात ओढे वाहतात आणि पुढच्या गावात धुरळा उडतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

यावर ‘पीकलरमेश’ हे फंक्शन जास्त भरवशाचं, कारण त्याला प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश स्वतंत्र देता येतात. पण त्याचाही एक इतिहास आहे. पूर्वी बिंदूंची संख्या आणि आकड्यांची संख्या सारखीच दिली, तर ते दिलेले बिंदू चौकोनांचे कोपरे समजायचं आणि शेवटची ओळ व शेवटचा रकाना मुकाट्याने गाळून टाकायचं. सगळा नकाशा अर्धा चौकोन ईशान्येला सरकायचा. मॅटप्लॉटलिबच्या ३.५ आवृत्तीपासून ‘शेडिंग’ची मूळ किंमत ‘ऑटो’ झाली आणि आकडा बिंदूभोवती मध्यावर बसू लागला. महाविद्यालयांच्या संगणकांवर जुन्या आवृत्त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात, म्हणून ‘शेडिंग’ला ‘निअरेस्ट’ असं स्पष्ट लिहून टाकणं बरं. आणि शहराचा आकडा हवा असेल तर तो रंगावरून वाचूच नये. तक्त्यातून थेट काढावा, आणि जालन्यासाठी चारही चौकोनांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून पाहावेत. चौघांत फार तफावत असेल तर एकच आकडा ‘जालन्याचा पाऊस’ म्हणून देणं योग्य नाही.

नोंद नसलेल्या जागी हवामान विभाग उणे ९९९ लिहितो. समुद्र, शेजारचे देश, सगळीकडे उणे ९९९. ते झाकून घेतलं नाही तर रंगपट्टी उणे ९९९ पासून सुरू होते आणि संपूर्ण भारत एकाच रंगाचा दिसतो. हे लगेच दिसतं, म्हणून सुधारलंही जातं. सरासरी मात्र गुपचूप बिघडते. महाराष्ट्राची आयताकृती चौकट घेऊन सरासरी काढली की त्या चौकटीत अरबी समुद्रही येतो, आणि पाऊस उणे निघतो. कधी समुद्राचे बिंदू थोडेच असतात. मग सरासरी उणे निघत नाही, नुसती कमी निघते, आणि ती दुष्काळाच्या गोष्टीत चपखल बसते. म्हणून फाईल उघडल्यावर पहिलं काम सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा छापण्याचं. पाऊस शून्याच्या खाली असूच शकत नाही. ‘एरा ५’मध्ये मात्र कधीकधी शून्याच्या खाली अगदी बारीकसा आकडा सापडतो; फाईल लहान करण्यासाठी आकडे पूर्णांकांत दाबून ठेवलेले असतात, त्या दाबण्यातली ती कसर असते. तेवढ्याने घाबरण्याचं कारण नाही.

रंगांबद्दल थोडं विस्ताराने बोलायला हवं. रंगपट्टीची कमाल-किमान मर्यादा सांगितली नाही तर मॅटप्लॉटलिब ती समोरच्या आकड्यांवरून ठरवतं. महाराष्ट्राचा नकाशा असेल तर कमाल मर्यादा महाबळेश्वर नाहीतर आंबोली ठरवणार, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या पट्टीवर जालना, भोकरदन, मंठा, परतूर सगळे एकाच फिक्या छटेत बुडतात. पाचशे आणि साडेसातशे यांतला फरक डोळ्याला दिसतच नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने तोच तर सगळा फरक आहे. दुसरी अडचण तुलनेत येते. मॉडेलचा नकाशा आपल्या पट्टीवर, मोजलेल्या पावसाचा नकाशा आपल्या पट्टीवर. दोन्हींत गडद निळा दिसतो आणि ‘मॉडेल छान जमलं’ असं वाटतं. एका निळ्याचा अर्थ ४० मिलिमीटर असतो, दुसऱ्याचा १४०. दोन्ही नकाशांना एकच मर्यादा द्यावी, हा नियम मोडायला मला तरी कधी सबळ कारण सापडलेलं नाही.

रोजच्या पावसासाठी तर सरळ हवामान विभागाचे टप्पेच वापरावेत: ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार, २०४.५ पासून अत्यंत जोरदार. मॅटप्लॉटलिबच्या ‘बाउंडरीनॉर्म’ला हे टप्पे दिले की रंग त्या टप्प्यांवरच बदलतो, आणि अतिवृष्टीची रेषा नकाशात जवळपास तशीच दिसते. रंगमालिका कुठली हाही हौसेचा प्रश्न नाही. जुनी ‘जेट’ ही इंद्रधनुषी मालिका पिवळ्यापाशी एकदम उजळते, त्यामुळे आकड्यांत कुठलीही पायरी नसताना नकाशात काठ दिसतो. जानेवारी २०१७ मध्ये मॅटप्लॉटलिब २.० आलं तेव्हा ‘जेट’ला मूळ जागेवरून काढून ‘विरिडिस’ आणली गेली. ती गडदापासून उजळाकडे समान चालीने जाते आणि लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यालाही वाचता येते. मॅटप्लॉटलिब ज्याने लिहायला घेतलं तो जॉन हंटर मेंदूविज्ञानाचा अभ्यासक होता, अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पाहण्यासाठी त्याला साधन हवं होतं. त्याला जे वक्र पाहायचे होते ते कुणाच्या तरी उपचाराशी जोडलेले होते, हे लक्षात ठेवलं की रंगांचा हा काटेकोरपणा फाजील वाटत नाही.

तारखेची चूक नकाशात दिसतच नाही, म्हणून ती सर्वांत चिवट. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तोवरच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवशीच्या तारखेला लिहितात. २४ तारखेचा पाऊस म्हणजे बहुतांशी २३ तारखेच्या दुपारी-रात्री पडलेला. ‘एरा ५’ची वेळ ग्रीनिचची, आपले साडेआठ म्हणजे तिथले पहाटेचे तीन. प्रत्येक तासाचा पाऊस त्या तासाच्या शेवटच्या वेळेला लिहिलेला असतो. तेव्हा २४ तारखेशी तुलना करायची तर २३ च्या चार वाजल्यापासून २४ च्या तीन वाजेपर्यंतचे चोवीस तास बेरजेला घ्यावे लागतात. नुसती तारखेवार बेरीज केली की मराठवाड्यातला संध्याकाळचा वळीव एका डेटात एका दिवशी आणि दुसऱ्यात दुसऱ्या दिवशी पडतो, आणि मॉडेल एक दिवस आधी धावतं असा निष्कर्ष निघतो. शिवाय ‘एरा ५’चा पाऊस मीटरमध्ये असतो. हजाराने गुणायचं राहिलं तर नकाशा कोरडाठाक दिसतो.

‘वर्फ’च्या खोड्या वेगळ्या. त्यात पाऊस दोन नावांनी येतो: ‘रेनसी’ आणि ‘रेनएनसी’. पहिला जाळीपेक्षा लहान ढगांचा, अंदाजाने धरलेला. दुसरा जाळीवर प्रत्यक्ष सोडवलेला. एकूण पाऊस म्हणजे दोघांची बेरीज. बारीक जाळीवर चालवताना पहिली योजना बंद ठेवतात, तेव्हा ‘रेनसी’ सगळीकडे शून्य असतो. तोच रंगवणारा मॉडेल बिघडलं म्हणून रात्र जागवतो. दोन्ही आकडे धाव सुरू झाल्यापासूनचे साठत जाणारे असतात, म्हणून तासाचा पाऊस हवा तर पुढच्या तासातून मागचा वजा करावा लागतो. तापमान समजून ‘टी’ हे चल रंगवलं की जालन्यात मे महिन्यात आठ-दहा अंश दिसतात. ते तापमान नव्हेच. विभव तापमानातून ३०० केल्विन वजा करून उरलेला भाग आहे. आणि वाऱ्याचे घटक चौकोनाच्या मध्यावर नसून कडांवर ठेवलेले असतात, म्हणून पूर्व-पश्चिम वाऱ्याच्या तक्त्यात एक रकाना जास्त निघतो. पायथन इथे आकार जुळत नाहीत म्हणून अडतं. शेवटचा रकाना छाटून ते गप्प करता येतं, पण बाण अर्धा चौकोन सरकतात. शेजारच्या दोन कडांची सरासरी घेऊन वारा मध्यावर आणणं हा खरा उपाय.

भूजलाकडे गेलं की दिशांचा खेळ पुन्हा फिरतो. जालन्याखाली बेसाल्टचे थर आहेत. विहिरीचं पाणी त्यांच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या भागात असतं, आणि त्याच्या पातळीचं गणित मांडायला ‘मॉडफ्लो’ हे मॉडेल जगभर वापरतात. त्याची पहिली ओळ उत्तरेची. म्हणजे ‘इमशो’ काहीही न सांगता बरोबर नकाशा काढतं, आणि पावसाच्या अनुभवावरून ‘लोअर’ लिहिणारा दुधना आणि पूर्णा यांची अदलाबदल करून बसतो. मॉडेलबाहेरच्या चौकोनांत इथे उणे ९९९ नसतं, एकावर तीस शून्यं एवढा प्रचंड आकडा असतो. तो झाकल्याशिवाय रंगपट्टीला अर्थ नाही. म्हणूनच ‘नेहमी हेच लिहा’ असा एक मंत्र या कामात चालत नाही. डेटागणिक दिशा विचारून घ्यावी लागते.

ती विचारण्याची एक पद्धत मला फार आवडते, कारण तिला दोन मिनिटं लागतात. पावसाऐवजी अक्षांशच रंगवायचा. जाळीएवढाच तक्ता घ्यायचा, प्रत्येक चौकोनात त्याचा स्वतःचा अक्षांश भरायचा आणि पावसाला जी ओळ लिहिली तिनेच तो काढायचा. जालना जिल्ह्याच्या चौकटीत रंग अंबडकडून भोकरदनकडे चढत गेला तर दिशा बरोबर. उतरत गेला तर उलटी. डावीकडून उजवीकडे चढला तर ओळी-रकाने बदललेत. मग रेखांशाचा असाच नकाशा. त्यानंतर सगळा तक्ता शून्य करून एकाच चौकोनात मोठा आकडा ठेवायचा: पाव अंशाच्या जाळीत शून्यापासून मोजलं तर ५३ वी ओळ, ३८ वा रकाना. वर जालन्याचा ठिपका टाकायचा. ठिपका रंगीत चौकोनाच्या आत, वायव्य कोपऱ्याजवळ, डाव्या कडेला जवळपास टेकून दिसला पाहिजे. बाहेर पडला तर वर सांगितलेली अर्ध्या चौकोनाची चूक झालेली आहे. उत्तर आधीच माहीत असलेलं चित्र काढून पाहिल्याशिवाय, उत्तर माहीत नसलेल्या चित्रावर विश्वास टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

तालुक्यांच्या सीमा वर चढवताना आणखी एक घोटाळा होतो. सीमांची फाईल पुष्कळदा अंशांत नसून मीटरमध्ये असते. आपला जिल्हा यूटीएमच्या ४३ व्या पट्ट्यात येतो, आणि तिथे जालना शहराचा पूर्वेचा आकडा सुमारे ५ लाख ९२ हजार, उत्तरेचा सुमारे २१ लाख ९४ हजार. अंशांतल्या पावसावर या सीमा टाकल्या की अक्ष लाखांपर्यंत ताणले जातात आणि सगळा पाऊस डाव्या खालच्या कोपऱ्यात टिंबाएवढा होतो. कोपऱ्यातलं टिंब दिसलं की जिओपांडाज या पायथन लायब्ररीमध्ये सीमांची निर्देशक-पद्धत छापून पाहावी आणि ती अंशांत बदलून घ्यावी. हे शिकायला इंग्रजीच्या भीतीने अडून राहू नये; आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मोफत सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही आहेत, आणि त्रिमितीय फील्ड पाहण्याचं ‘मायावी’ हे जगभर वापरलं जाणारं पायथन साधन त्याच संस्थेतल्या प्रभू रामचंद्रन यांनी लिहिलेलं आहे.

एवढं सगळं जुळल्यावरही मॉडेलचा पाऊस आणि मंडळातला पाऊस जुळेलच असं नाही. महावेध प्रकल्पातली स्वयंचलित हवामान केंद्रं मंडळामंडळांत आहेत. त्यांचा आकडा एका जागेचा असतो, आणि पाव अंशाच्या चौकोनाचा आकडा सातशे चौरस किलोमीटरांची सरासरी. घनसावंगीच्या एका मंडळात ९० मिलिमीटर कोसळला आणि आजूबाजूला भुरभुर झाली, तर चौकोनात वीसच दिसणार. दिशा तपासली, शिवा तपासल्या, तारीख, एकक, झाकलेले बिंदू, रंगमर्यादा सगळं तपासलं आणि तरी वीसच दिसले, तर ते वीस नकाशाचे नाहीत, मॉडेलचे आहेत. मग सहा किलोमीटरच्या जाळीवर तोच दिवस काढून पाहायचा, आणि तिथेही ढग हुकला असेल तर तो का हुकला हे शोधायला बसायचं.